भिंतीवर लावलेले पत्र परत घेण्याबाबत

प्रति,
मा. कक्ष अधिकारी,
कौटुंबिक तक्रार निवारण कक्ष,
नागरी सेवा कार्यालय, दुसरा मजला.

अर्जदार: याच कक्षातील दुभाषी (मानधन तत्त्वावर).

विषय: कक्षाने दिलेले पत्र मागे घेऊन त्याच चौकटीत बसेल असे दुसरे पत्र देण्याबाबत, तसेच अर्जदाराने नऊ वर्षे केलेल्या अचूक भाषांतराबाबत खुलासा.

संदर्भ: १) फरशीकाम करणाऱ्या इसमास कक्षाने दिलेले समुपदेशन पत्र. २) अर्जदारास ‘अचूकता’ या सदराखाली मिळालेले प्रशस्तिपत्र. ३) अर्जदाराच्या सासूबाईंचे तोंडी ताशेरे, स्वयंपाकघर, रोज.

महोदया,

१. या अर्जात ‘मी’ हा शब्द येणार नाही. दुभाष्याच्या तोंडचा ‘मी’ हा तक्रारदाराचा असतो, त्याला स्वतःविषयी बोलायचे झाल्यास त्याने ‘दुभाषी’ म्हणावे, असा नियम आहे. नऊ वर्षांत अर्जदाराला तो इतका अंगवळणी पडला आहे की घरी भूक लागली तरी ‘दुभाष्याला भूक लागली आहे’ असे तोंडून निघते. घरचे आता हसतही नाहीत.

२. अर्जदाराचा समाज या शहरात अल्पसंख्याक आहे. गिरणीमागच्या चार गल्ल्या, एक सभागृह आणि एक मंडळ, एवढाच पसारा. समाजाची भाषा आणि कार्यालयाची भाषा, दोन्ही लिहिता-बोलता येणारी एकच बाई मिळाली, म्हणून अर्जदाराची नेमणूक झाली. यात गुणवत्तेचा भाग किती आणि पर्याय नसण्याचा किती, हे अर्जदाराने आजवर तपासून पाहिले नाही. उलट, आपल्यासारखी अचूक बाई शोधून सापडायची नाही, अशी तिची पक्की समजूत होती. ती एक शब्द घालत नसे, एक गाळत नसे. तक्रारदार बाई उसासली तर कंसात ‘उसासा’ असे लिहून घ्यायला लावी. आपण एकदा कौतुकाने म्हणालात, “तुम्ही म्हणजे अगदी काच आहात, आरपार दिसतं.” अर्जदाराने ते वाक्य घरी जाऊन तीन वेळा सांगितले. सासूबाई म्हणाल्या, “काच पुसावी लागते अधूनमधून.” अर्जदाराने त्याकडे दुर्लक्ष केले.

३. आता मूळ मुद्दा. अर्जदाराच्या भाषेत ‘समजावणे’ या अर्थाचे एक क्रियापद आहे. बाई मुलांना गणित समजावतात, औषधवाला गोळ्या कशा घ्यायच्या ते समजावतो, तिथे त्याचा अर्थ आपण घ्याल तोच. पण कर्ता नवरा असेल आणि कर्म बायको असेल, तर त्याचा अर्थ मारणे असा होतो. यात कुणाचाही गोंधळ होत नाही. तीन वर्षांच्या पोरालाही तो फरक कळतो. भाषेत मारण्यासाठी सरळ शब्द नाही असे नाही. आहे, पण तो सतरंजीला, कणकेला आणि कुत्र्याला वापरतात. बायकोबाबत तो उच्चारणे असभ्य मानले जाते. आमच्याकडे सभ्यतेला फार जपतात.

त्यामुळे बाया या कक्षात येऊन सभ्यपणे सांगत, “नवरा रोज समजावतो. परवा दार लावून समजावलं. काल पट्ट्यानं समजावलं.” अर्जदार त्याचे भाषांतर करी: ‘पती दररोज समजावतो. परवा दार बंद करून समजावले. काल पट्ट्याच्या साहाय्याने समजावले.’ ‘साहाय्याने’ हा शब्द वाक्य कार्यालयीन वाटावे म्हणून अर्जदाराने पदरचा घातला. नऊ वर्षांत एवढीच काय ती तिने घेतलेली मोकळीक. या जबाबाच्या समासात आपल्या सुवाच्य अक्षरात शेरा आहे: ‘पट्टा? मोजमापाचा असावा. पती शिंपी आहे काय?’

४. असे एकूण एक्केचाळीस जबाब झाले. वार्षिक अहवालात आमच्या समाजापुढे हिंसाचाराच्या रकान्यात सलग नऊ वर्षे शून्य आहे आणि ‘इतर’ या रकान्यात ‘पतीकडून अतिसंवाद’ असे नोंदले आहे. मागच्या वर्षी आपण आमच्या सभागृहात आलात. मंडळाचे अध्यक्ष, ज्यांचे चौकटी करण्याचे दुकान आहे आणि ज्यांना सगळे फ्रेमकाका म्हणतात, त्यांना आपण पुष्पगुच्छ दिला आणि भाषणात म्हणालात, “इतर समाजांतले पुरुष बायकांशी बोलतसुद्धा नाहीत. तुमचे पुरुष मात्र वेळ काढून त्यांना समजावतात, ही फार मोठी गोष्ट आहे.” अर्जदार व्यासपीठावरच होती. तिने ध्वनिक्षेपकावरून त्याचे शब्दशः भाषांतर केले.

सभागृहात बायकांची बाजू गप्प झाली. पुरुषांची बाजू आपापल्या बुटांकडे पाहू लागली. मग फ्रेमकाकांनी टाळी वाजवली आणि सगळ्यांनी वाजवली. अर्जदारानेही वाजवली. ध्वनिक्षेपक हातात असल्याने तिचीच टाळी सर्वांत मोठी ऐकू आली.

५. इथवर वाचून आपणास वाटेल की अर्जदाराला हे कळत नव्हते. तसे लिहिण्याचा मोह तिला झाला होता, पहिल्या मसुद्यात तसे लिहिलेही होते. पण अर्जदार त्याच गल्लीत वाढली आहे. तिला कळत होते.

नेमणुकीच्या आदल्या दिवशी फ्रेमकाका, जे नात्याने अर्जदाराचे चुलत सासरे लागतात, घरी आले आणि म्हणाले, “सूनबाई, उद्यापासून आपली अब्रू तुझ्या जिभेवर आहे. बाहेरचे आधीच आपल्याला रानटी म्हणतात. त्यांच्या हातात काठी देऊ नकोस.” त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. त्याआधी आमच्यातल्या एका इसमाला बायकोला मारल्याबद्दल पकडले, तेव्हा वर्तमानपत्रात त्याचे नाव आले नाही, आमच्या समाजाचे आले. पुढे वर्षभर आमच्या कोणालाही भाड्याने खोली मिळेना. शाळेत मुलांना पोरे विचारत, “आज कोणाला मारून आलास?” तेव्हा अर्जदाराने समाजाचे नाव राखायचे ठरवले. समाज म्हणजे नेमके कोण, याची यादी तिने केली असती तर त्यात एकही बाई निघाली नसती. पण यादी करण्याचे तिला सुचले नाही. अचूकता ही तिने शब्दांपुरतीच ठेवली होती.

तिला प्रशिक्षणही मिळाले होते. ‘अल्पसंख्याक समाजातील स्त्रियांवरील हिंसा आणि स्त्रीवादी दृष्टिकोन’ या विषयावर कक्षाने तीन दिवसांची कार्यशाळा घेतली होती. अर्जदाराची वही त्या वेळी सर्वांना दाखवण्यात आली, इतकी ती नीटनेटकी होती. तिच्यात ‘त्या समाजाचा आवाज ऐका’ या वाक्याखाली दोन रेघा आहेत. अर्जदाराने तो आवाज ऐकला. सगळ्यांत मोठा आवाज फ्रेमकाकांचा होता.

६. आता जिच्यासाठी हा अर्ज आहे तिच्याविषयी. ती कपड्यांच्या कारखान्यात काजे करते. सगळे तिला काजवाली म्हणतात. नवरा फरशी बसवतो. ती या कक्षात आली तेव्हा उजवा हात मांडीवर ठेवून बसली होती. ती म्हणाली, “नवरा समजावतो. आता हात खांद्याच्या वर जात नाही. काजे कशी करू?” अर्जदाराने भाषांतर केले. आपण पाण्याचा पेला पुढे केलात आणि फार मायेने विचारलेत, “त्यांचं म्हणणं तुम्हाला पटत नाही का?” अर्जदाराने तेही भाषांतर केले.

काजवालीने आपल्याकडे पाहिले नाही, अर्जदाराकडे पाहिले. म्हणाली, “अगं, तू आमच्याच गल्लीतली ना?”

अर्जदाराने भाषांतर केले: ‘दुभाषी आपल्याच गल्लीतील आहे काय, अशी तक्रारदार पृच्छा करते.’ आपण म्हणालात, “हो म्हणून सांगा.” अर्जदाराने हो म्हणून सांगितले. हाताविषयी टिपणात ‘शिवणकामामुळे स्नायूंवर ताण’ अशी नोंद झाली. ती बरोबर नाही हे सांगण्याची जागा तीच होती आणि वेळही तीच होती.

७. त्यानंतर कक्षाने पतीस पत्र दिले. मजकूर असा: ‘पतीने पत्नीस घाईगर्दीत अथवा मुलांसमोर समजावू नये. वेळ काढून, एकांतात, शांतपणे समजावावे. पत्नीने त्यात व्यत्यय आणू नये.’ त्याखाली आमच्या भाषेतील तर्जुमा अर्जदाराच्या हस्ताक्षरात आहे. त्याखाली कक्षाचा गोल शिक्का. आपल्या भाषेत हे पत्र अत्यंत समंजस आहे. आमच्या भाषेत ते काय सांगते, हे पुन्हा लिहिण्याची अर्जदाराची छाती होत नाही. परिच्छेद तीन पाहावा.

फरशीवाल्याने ते पत्र फ्रेमकाकांच्या दुकानात नेऊन त्याला काच आणि सोनेरी पट्टीची चौकट करून घेतली. घरी चपलांच्या कपाटावर ती पाणसळ लावून ठोकली. फरशीवाला माणूस, तिरपे त्याला खपत नाही. तो कायदा मानणारा आहे. पत्र आल्यापासून तो घाईगर्दीत काही करत नाही. मुलांना शेजारी पाठवतो, खिडकी लावतो, वेळ काढतो. शेजारणीने हटकले तेव्हा म्हणाला, “मी मनाचं काही करत नाही, वहिनी. सरकारी कागद आहे, वाचून घ्या.”

८. हे अर्जदाराला सासूबाईंकडून कळले. त्या कात्री मागायला काजवालीकडे गेल्या होत्या. त्या अक्षराखाली बोट ठेवून सावकाश वाचतात, पण पूर्ण वाचतात. घरी येऊन त्यांनी अर्जदाराच्या भाजीखालचा गॅस बंद केला आणि विचारले, “त्या कागदावरचं अक्षर कोणाचं?”

“माझं,” अर्जदार म्हणाली.

“छान आहे,” एवढे बोलून त्या दोन दिवस गप्प होत्या. ज्या बाईला भाजीतल्या मिठावर पाव तास बोलता येते, तिचे हे दोन दिवस अर्जदाराला फार लांब गेले. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, “तिला नवरा मारतो, पण तुझ्या अक्षरात मारतो. नऊ वर्षं जातेस त्या कचेरीत. कशाला जातेस? पंख्याखाली बसायला?” पंख्याचा वारा अर्जदाराच्या खुर्चीपर्यंत येत नाही, हे सांगण्याची ती वेळ नव्हती. तरी अर्जदाराने सांगितले. 

९. अर्जदाराने आपल्या परीने दुरुस्ती करून पाहिली. चौकट उघडून शब्द खोडावा म्हणून ती फ्रेमकाकांकडे गेली. ते म्हणाले, “खाडाखोड केलेला कागद काचेखाली शोभत नाही.” मग तिने फरशीवाल्याला तोंडी सांगितले की पत्राचा अर्थ तसा नाही. तो शांतपणे म्हणाला, “वहिनी, तुमचं नुसतं तोंड आहे. कागदावर शिक्का आहे.”  कागदाला तोंडापेक्षा जास्त मान द्यायला त्याला कुणी शिकवले, असे तिच्या मनात आले आणि लगेच उत्तरही सुचले.

मग सासूबाईंनी त्यांचा उपाय केला. त्याला कोणत्याही पुस्तकात नाव नाही. त्या संध्याकाळी काजवालीकडे गेल्या आणि बसल्या. दुसऱ्या दिवशी दोघीजणी गेल्या. आठवड्याभरात अकरा बायका झाल्या. फरशीवाला कामावरून येतो तेव्हापासून मुले झोपेपर्यंत पाळीपाळीने चौघी-पाचजणी तिथे बसतात, कारखान्याचे उरलेले शिवणकाम घेऊन. तो विचारतो, “काय काम आहे?” त्या म्हणतात, “काही नाही, बसायला आलोय.” पत्रात एकांत सांगितला आहे आणि एकांत मिळत नाही. नियमाने चालणाऱ्या माणसाची त्यामुळे फार पंचाईत झाली आहे. अठरा दिवस काजवालीला कोणी हात लावलेला नाही.

फ्रेमकाका समजूत काढायला आले. (इथे हा शब्द साध्या अर्थाने आहे.) म्हणाले, “वहिनी, घरातलं भांडण घरात राहू द्यावं.” सासूबाई सुईत दोरा ओवत म्हणाल्या, “घरातच तर बसलोय, भावजी. बाहेर कोण गेलंय?”

१०. या बैठकीत बायकांनी बरेच ठरवले. अर्जदाराने ते लिहून घेतले, यावेळी खाली रेघा न मारता. त्यांना गल्लीत भोंगा वाजवत आलेली गाडी नको आहे. ती आली की एकाला पकडते आणि चाळीस घरांचे कागद तपासते, आणि मग पुढची दहा वर्षे कोणतीही बाई तोंड उघडत नाही. काजवालीला कक्षाच्या निवाऱ्यातही जायचे नाही. निवारा दोन बस बदलून आहे, तिथे तिची भाषा कोणाला येत नाही, कारखाना सुटेल, मुलांची शाळा सुटेल. ती म्हणते, “समजावलं त्यानं आणि घर मी सोडायचं, हा कुठला हिशेब?” घर तिने सोडू नये, त्याने सोडावे. बायका तिच्या पाठीशी राहतील. पण संस्कृतीच्या नावाने कार्यालयाने हात झटकू नयेत आणि अब्रूच्या नावाने मंडळाने दार लावू नये.

हे ऐकून अर्जदार भारावली. ती म्हणाली, “तुम्ही म्हणताय ना, यालाच स्त्रीवादी दृष्टिकोन म्हणतात. कार्यशाळेत होतं.” सासूबाई म्हणाल्या, “म्हणू देत. तू आधी ती तुरपाई उसव, वाकडी गेलीय.”

११. अडचण अशी की येत्या सोमवारपासून कारखान्यात दोन पाळ्या सुरू होत आहेत. अकरापैकी नऊजणींना संध्याकाळची पाळी आहे. सोमवारी संध्याकाळी त्या घरात काजवाली असेल, नवरा असेल आणि भिंतीवर ते पत्र असेल. तिची सुनावणी आपल्यापुढे गुरुवारी सकाळी अकरा वाजता आहे. गुरुवार ते सोमवार, मधे एवढेच दिवस आहेत. म्हणून नम्र विनंती:

(अ) संदर्भीय पत्र रद्द करून नवे पत्र द्यावे. आकार तोच ठेवावा, चौकट तयार आहे. शिक्काही तोच आणि शक्य असल्यास थोडा ठसठशीत. मजकूर एकच ओळ: ‘पत्नीस मारू नये.’ आमच्या भाषेतील तर्जुम्यात सतरंजीचा शब्द वापरला आहे. तो असभ्य असल्याचा आक्षेप फ्रेमकाका घेतील. तो आक्षेप बरोबर आहे. असभ्यपणास मंजुरी असावी.

(आ) पतीने घर सोडण्याचा आदेश गुरुवारीच व्हावा. तो कुठे जाणार हा प्रश्न सुटला आहे. एका गृहस्थांनी आपल्या दुकानाच्या पोटमाळ्यावर त्याची सोय करण्याचे कबूल केले आहे. आपले नाव कागदावर येऊ नये, अशी त्यांची अट आहे. दुकान कसले, हेही अर्जदार लिहीत नाही. ते परवा स्वतः त्या घरी गेले होते, पत्रासमोर बराच वेळ उभे होते आणि चौकट आपण किती नीट केली आहे, हे त्यांनी पाहिले.

(इ) उरलेल्या चाळीस जबाबांचे फेरभाषांतर व्हावे. मात्र प्रत्येक बाईला आधी विचारावे. काहींना ते नको असेल. एकीचा नवरा वारला आहे, ती म्हणाली, “आता कशाला? पण लिहा. मारायचा असं लिहा.”

(ई) अर्जदारावर योग्य ती कारवाई करावी. योग्य म्हणजे किती, हे ठरवण्यात अर्जदाराचा सल्ला घेऊ नये. ती स्वतःला सवलत देण्यात तरबेज आहे, हे परिच्छेद पाचवरून ध्यानात येईल.

१२. शेवटची बाब गुरुवारच्या कामकाजाची आहे. काजवालीला या सुनावणीत दुभाषी नको आहे. तिने हे अर्जदाराला तोंडावर सांगितले, “तू शेजारी बस. पण बोलू नकोस.” ती कार्यालयाच्या भाषेत स्वतः बोलणार आहे. तिला ती भाषा येत नाही. तीन वाक्ये येतात. बायकांनी शिवता शिवता तिच्याकडून ती घोकून घेतली आहेत: ‘तो मला मारतो. मी घर सोडणार नाही. त्याने सोडावे.’

पहिल्या दिवशी ती ‘मारतो’पर्यंत आली, थांबली, पाणी मागितले आणि पेला तसाच ठेवून आतल्या खोलीत गेली. हा शब्द स्वतःविषयी तिने कोणत्याच भाषेत कधी उच्चारलेला नव्हता. दुसऱ्या दिवशीही ती तिथेच अडली. आता ती त्याच्या पुढे जाते, पण दरवेळी जातेच असे नाही. चांगल्या दिवशी तीन वाक्यांना तिला चार मिनिटे लागतात. त्यातली सुमारे साडेतीन पहिल्या वाक्यात जातात.

तरी ती थांबेल तेव्हा कोणी तिला शब्द पुरवू नये, घड्याळ पाहू नये, पुढचा प्रश्न विचारू नये. अर्जदार शेजारी असेल. सवयीने तिने तोंड उघडले, तर तिला तत्काळ बाहेर काढावे आणि काजवालीला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करू द्यावी.

आपल्या उत्तराच्या नव्हे, आदेशाच्या प्रतीक्षेत,

(सही)
दुभाषी, मानधन तत्त्वावर
मंगळवार, सुनावणीच्या दोन दिवस आधी

सोबत:
१) नव्या पत्राचा मसुदा, दोन्ही भाषांत, चौकटीच्या मापासह.
२) काजवालीच्या जबाबाचे दुरुस्त भाषांतर. खाडाखोड एका ठिकाणी आहे, ती मुद्दाम ठेवली आहे.
३) काजवालीच्या खांद्याविषयी डॉक्टरांचा दाखला. त्यात शिवणकामाचा उल्लेख नाही.
४) अकरा बायकांच्या सह्या. त्यांपैकी चौघींनी सही करायला याच आठवड्यात शिकून घेतली असल्याने अक्षरे ओळीच्या खाली गेली आहेत. चालवून घ्यावे.